ब्रेकमधले महिने

नेपरव्हिल, इलिनॉय
१२ जानेवारी २०२५

ती. शरयूआत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

तिळाच्या वड्या वेगळ्या डब्यातून पाठवल्या आहेत. त्या जरा कडक झाल्यात, आणि तुमच्या दातांचा विचार मला डबा चिकटवून झाल्यावर सुचला. तेव्हा तुम्ही फक्त गोड बोला, वड्या नातीला द्या.

तुमचे कान अगदीच गेल्यापासून तुम्ही कागदाच्या पत्रांचा आग्रह धरलात, तेव्हा मोरेश्वर हसला होता. आत्या अजून प्रिन्सिपॉलच आहे, सगळं लेखी मागते, म्हणाला. पण मला हे सोयीचं पडतं. बोलताना मी अर्ध्यावर थांबते. लिहिताना निदान वाक्य पुरं करावं लागतं.

इकडे आठवडाभर बर्फ आहे. तुमच्या भाच्याने मोठ्या उत्साहाने ड्राइव्हवे साफ केला आणि आता आडवा पडून ऑफिसचं काम करतोय. इशिताला शिकाऊ लायसन्स मिळालंय. ती चालवते, मी शेजारी बसून दाराची मूठ धरते, आणि ती इंग्रजीत सांगते की आई, तुझ्यामुळे मी नर्व्हस होते.

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी आणि गुरुवारी मी इथल्या जुन्या कॉलेजच्या अभिलेखागारात जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पगार नाही, कारण माझ्या व्हिसावर तो घेता येत नाही. दहा वर्षं झाली, मोरेश्वरची ग्रीन कार्डची फाईल दोनदा कंपनी बदलल्यामुळे दोनदा पहिल्या पायरीवर आली, आणि मी त्या फाईलच्या मागे उभी आहे. फुकट काम मात्र कितीही करता येतं. गेली दोन वर्षं मी मिस ल्युसिंडा पेल्टन नावाच्या बाईंची पत्रं वाचून टाइप करते. त्या १८६८ पासून अकरा वर्षं इथे गणित आणि लॅटिन शिकवत होत्या. टपालाचा खर्च वाचावा म्हणून त्या कागद भरला की तो आडवा फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. पहिल्यांदा पाहिलं की जाळी वाटते. आधी एका दिशेच्या ओळी वाचायच्या आणि दुसऱ्या दिशेच्या नाहीतच असं मानायचं, हे जमायला मला तीन महिने लागले. अभिलेखागाराची प्रमुख लोइस ब्रँट म्हणते की इथे दुसऱ्या कुणाला ते जमत नाही.

पेल्टनबाईंची नेमणूक दर सप्टेंबरात व्हायची आणि दर जूनमध्ये संपायची. प्राध्यापकांच्या सभेत बायकांनी बोलायचं नाही असा रिवाज होता. म्हणून अहवाल त्या लिहायच्या आणि एक प्राध्यापक तो उभा राहून वाचायचा. इतिवृत्तात नाव त्याचं. हे वाचताना मला आपलं नागपूरचं कॉलेज आठवतं. जुलैत नेमणुकीची ऑर्डर, मार्चअखेर नोकरीत ब्रेक, पुन्हा जुलैत ऑर्डर. सहा वर्षं.

तर, त्या पत्रांसाठी कॉलेज एक कायमची जागा काढतंय. लोइसने मला विचारलं. मला घेतलं तर कॉलेज माझ्या स्वतःच्या नावाने व्हिसाचा अर्ज भरेल. माझ्या स्वतःच्या, आत्या. अट एवढीच की पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा, शिकवण्याचा चालतो. त्या काळात तुम्ही प्रिन्सिपॉल होतात, तेव्हा दाखला तुमचाच हवा. कॉलेजच्या वकिलाने नमुना दिलाय, तो सोबत आहे. त्यात 'सलग, पूर्णवेळ, सहा वर्षं' असे शब्द आहेत. ते वाचून मला थोडं कसंसंच झालं, पण सगळे असंच लिहितात म्हणे. समिती १४ मार्चला बसेल.

सत्यजित, आश्लेषा यांना नमस्कार. तुमची माया या कागदापेक्षा मोठी आहे, ती तशीच राहो.

तुमची,
गिरिजा


ट्रॉय, मिशिगन
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. गिरिजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वड्या मी चहात बुडवून खाल्ल्या. सियाने एक चावली आणि ती दगडासारखी आहे असं तिच्या इंग्रजीत जाहीर केलं. तेव्हा सगळ्या माझ्याच वाट्याला आल्या. मोरूला सांग, फावडं कमरेने नाही, गुडघ्याने उचलतात. त्याचे वडीलही असेच होते, अंगणात एक बादली उचलली की आठ दिवस शेक.

माझं ठीक आहे. सत्यजित आणि आश्लेषा सकाळी सातला निघतात, सिया साडेआठला बसने जाते. मग चार वाजेपर्यंत मी आणि हीटर. मशीन कानात घातलं तर शिट्टी वाजते, काढलं तर काहीच वाजत नाही. मला दुसरी स्थिती बरी वाटते. मार्चमध्ये नागपूरला जाऊन यावं असं मनात होतं, पण ग्रीन कार्ड टिकवायचं तर सारखं जाता येत नाही, आणि एकटीने विमानतळावर कुणी काय पुकारलं ते कळणार नाही. नऊ वर्षं मी साडेतीन हजार मुलांचं कॉलेज चालवलं. आता बसथांब्यावर एका मुलीला नीट उतरवून घेते. तक्रार नाही. मुलगी गोड आहे.

दाखल्याविषयी. नमुना मी टेबलावर ठेवून दोन दिवस पाहिला. 'सलग' हा शब्द मला लिहिता येणार नाही, गिरिजा. तुझी नेमणूक नऊ महिन्यांची असे आणि ब्रेकच्या प्रत्येक ऑर्डरवर माझी सही आहे. ज्या हाताने ब्रेक दिला त्याच हाताने तो नव्हता असं कसं लिहू? हे वाचून तू रागावशील असं वाटत नाही, कारण तुलाच तो शब्द खटकला होता. खटकलं नसतं तर तू तसं लिहिलं नसतंस.

मी विचार करते. मला थोडा वेळ दे. आणि त्या पेल्टनबाईंचं पुढे काय झालं ते सविस्तर कळव. अकरा वर्षांनी त्या का गेल्या?

इशिताला गाडी हळू चालवायला सांग. तुम्हा तिघांची आठवण रोज निघते, तिला उत्तर येत राहो.

तुझी,
शरयूआत्या


नेपरव्हिल
२ फेब्रुवारी २०२५

ती. शरयूआत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग हलकं वाटलं, आणि मग आपल्याला हलकं का वाटलं याचा मी डायरीत पानभर शोध घेतला. बहुधा खोटं नाकारायचं काम तुम्ही माझ्या वतीने करून टाकलंत, म्हणून. ते मी स्वतः करायला हवं होतं. नमुना पाठवून मी तो निर्णय तुमच्यावर ढकलला. क्षमा करा.

मग मी हिशेब मांडला. सहा वर्षं, प्रत्येकी नऊ महिने, म्हणजे चौपन्न. हवेत साठ. सहा महिने कमी पडतात. लोइसला हे सांगितलं तेव्हा तिने महिने पुन्हा बोटांवर मोजून पाहिले. म्हणाली, दुसरं काही कागदावर असेल तर आण.

तुम्ही पेल्टनबाईंचं विचारलंत. त्यांचं मला या पंधरवड्यातच कळलं, आणि कळताना माझ्याकडून एक चूक झाली. १८७९ च्या उन्हाळ्यात त्यांनी बहिणीला लिहिलं की मला प्राध्यापक करायचं ठरत होतं, पण नव्या वर्षाच्या माहितीपत्रकात माझं नावच नाही. मी घाईने लोइसला सांगून टाकलं की कॉलेजच्या त्या वेळच्या अध्यक्षांनी त्यांना काढलं. टिपणही लिहिलं. मग विश्वस्तांचं इतिवृत्त उघडलं, आणि मला लाजेने टिपण परत घ्यावं लागलं. अध्यक्ष त्यांच्या बाजूने होते. नाव पुढे त्यांनीच केलं होतं. ते थांबवलं मिसेस अ‍ॅटवॉटर यांनी.

अ‍ॅटवॉटरबाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख, लेडी प्रिन्सिपॉल. पेल्टनबाई अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवल्या. अ‍ॅटवॉटरबाईंनी विश्वस्तांना कळवलं की मिस पेल्टनची भावजय वारली आहे, भावाची मुलं सांभाळायला त्या आयोवाला जाणार, तेव्हा जागा त्यांना देण्यात अर्थ नाही. भावजय खरंच वारली होती. पण पेल्टनबाई जाणार असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. आडव्या ओळींमध्ये त्यांनी लिहिलंय की मला कुणी विचारलंच नाही. मग नोकरी नसल्यामुळे त्या खरोखरच आयोवाला गेल्या आणि सतरा वर्षं भावाची मुलं वाढवली.

पुरुषांचं मी समजू शकते, आत्या. त्यांना त्या खोलीतल्या बाईचा आवाजही ऐकायची सवय नव्हती. पण ही? हिला तर माहीत होतं की एवढ्या वर पोचायला काय लागतं. माझ्याच्याने तिला माफ करवत नाही. हे कदाचित अन्यायाचं असेल, तिची बाजू सांगणारा कागद मला मिळालेला नाही. तरी करवत नाही.

तुम्ही यावर काय म्हणाल याची फार उत्सुकता आहे. तुमच्या उत्तराच्या ओढीनेच हे बंद करते.

तुमची,
गिरिजा


नेपरव्हिल
१७ फेब्रुवारी २०२५

ती. शरयूआत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

दोन आठवडे पत्र नाही. मी सत्यजितला मेसेज केला. तो म्हणतो, आई बरी आहे, जेवते, बेसमेंटमध्ये फेऱ्या मारते, फक्त नेहमीपेक्षा गप्प आहे. म्हणजे तुम्ही किती गप्प असाल!

दाखल्याचं मनावर घेऊ नका. नसेल जमत तर नसेल. मोरेश्वर म्हणतो, जागा मिळाली नाही तरी आपलं काही अडत नाही. ते खरंच आहे. मीही दिवसातून तीन-चार वेळा स्वतःला तेच सांगते.

मिसेस अ‍ॅटवॉटरबद्दल मी फार कडक लिहिलं का? तुम्ही स्वतः खुर्चीवर बसलेल्या. खुर्चीवरून काय दिसतं ते मला कुठून कळणार. काही दुखलं असेल तर स्पष्ट लिहा. दोन ओळी पुरतील.

तुमची,
गिरिजा


ट्रॉय
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. गिरिजा हिस,
आशीर्वाद.

दोन ओळी पुरणार नाहीत.

२०१२ च्या मे महिन्यात आपल्याकडे इतिहासाची एक कायमची जागा भरायची होती. निवड समिती माझ्या खोलीत बसली. तू मुलाखत देऊन घरी गेलीस. विद्यापीठाकडून आलेल्या दोघांनीही तुझं नाव पहिलं धरलं होतं. दुसरं नाव सातपुतेचं. तुला नंतर मी सांगितलं की समितीला पीएच.डी. झालेला माणूस हवा होता. समितीला तसं काही नको होतं. मी सांगितलं की गिरिजा वर्षभरात अमेरिकेला जाणार आहे, जागा पुन्हा रिकामी पडेल. त्यांनी पेन फिरवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

तुला विचारलं नाही. विचारायला फक्त शिपाई पाठवायचा होता, तू कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहत होतीस.

कारणं मी तेरा वर्षं गोळा केली आहेत. भाच्याच्या बायकोला घेतलं असं लोक म्हणतील, याची भीती होती. सातपुतेला दोन लहान मुलं होती. तुझा व्हिसा येणार हे खरं वाटत होतं. या प्रत्येकात थोडं तथ्य आहे, आणि सगळं मिळूनही पुरत नाही. तुझा व्हिसा आला २०१५ मध्ये. मधली तीन वर्षं तू ब्रेक घेत राहिलीस, आणि दर जुलैत ऑर्डर घ्यायला आलीस की मला पेढा देऊन पाया पडायचीस.

वर्षभरात जाणार हे मला कुणी सांगितलं, ते मी लिहिणार नव्हते. पण न लिहिणं म्हणजे पुन्हा तुझ्यामागे काही ठरवणंच होईल. मुलाखतीच्या आठवडाभर आधी मोरू माझ्या ऑफिसात आला होता. म्हणाला, आत्या, ती परमनंट झाली तर जाणं अवघड होईल. त्याने तुला घेऊ नको असं म्हटलं नाही. तो चहा पिऊन गेला. ठरवलं मी.

तुझं अ‍ॅटवॉटरबाईंचं पत्र आलं तेव्हा माझी खात्री झाली की तुला कळलंय आणि तू मला आडून विचारते आहेस. चार वेळा वाचल्यावर लक्षात आलं की तुला काहीच माहीत नाही. ते जास्त जड गेलं.

आता दाखला. सोबत आहे, इंग्रजीत, माझ्या सहीचा. 'सलग' हा शब्द त्यात नाही. पण दुसरं एक खरं आहे, ते लिहिलंय. ब्रेकच्या महिन्यांत तू घरी नसायचीस. एप्रिलमध्ये पेपर तपासायचीस, मेमध्ये माझ्या ऑफिसात नॅक समितीच्या तपासणीचे अहवाल लिहायचीस, जूनमध्ये प्रवेशाच्या याद्या करायचीस. मीच बोलवायचे. हजेरीपटावर सही करू देत नसे, कारण सही झाली तर ब्रेक मोडला असता. अहवालांवर नाव माझं असायचं. हे सगळं लिहिलंय, आणि ते माझ्या हुकमाने आणि माझ्या जबाबदारीवर झालं, हेही. बारा महिन्यांचं काम होतं, गिरिजा. नऊ महिन्यांचे कागद होते.

हा दाखला वापरायचा की नाही ते तू ठरव.

शरयू


नेपरव्हिल
३ मार्च २०२५

शरयूआत्यांना,
नमस्कार.

पत्र मिळालं. दाखलाही.

आठ दिवस मी काही लिहिलं नाही, डायरीतसुद्धा. मला राग येतोय की नाही हे आधी समजून घ्यायचं होतं. येतो. पण तो एका जागी राहत नाही. तुमच्यावर धरावा तर तुम्ही तो स्वतःहून हातात दिलात. मोरेश्वरवर धरावा तर तो समोर बसून दही-भात खातो. मग तो माझ्यावर येतो. सहा वर्षं मी सही न करता काम केलं आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. मॅडमचा माझ्यावर विश्वास आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते.

शनिवारी मोरेश्वरला विचारलं. आवाज चढवला नाही, इशिता वर होती. तुमच्या ऑफिसात गेला होता का, एवढंच. त्याने नाकारलं नाही, आठवत नाही असंही म्हणाला नाही. म्हणाला, तू आली नसतीस.

आत्या, ते खरं आहे. मी आले नसते. निदान तेव्हा नसते. दहा वर्षं मला वाटत होतं की आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आणि मी आपखुषीने आले. आता कळतं की माझ्यापुढे एकच रस्ता उरला होता आणि मी त्याला निवड म्हणत होते. पण मग दुसरा विचार येतो, की इशिता इथे वाढली, ती सुखात आहे, आणि मी हे सगळं नको होतं असं म्हणते आहे का? तसं म्हणता येत नाही. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. त्याच स्वयंपाकघरात भाजी चिरते आणि त्याच खोलीत झोपते. जायला दुसरी खोली आहे, पण इशिताला काय सांगायचं?

दाखल्याबद्दल एक विचारायचं आहे. इथलं कॉलेज नागपूरला ईमेल करून खात्री करून घेईल. म्हणजे तुम्ही लिहिलेलं तिथे सध्याचे प्रिन्सिपॉल वाचतील, ऑफिसातले सगळे वाचतील. तुमच्या वेळचा हॉल आहे, त्यात तुमचा फोटो आहे. पुढच्या आठवड्यात मला कागद द्यावे लागतील. तुमची संमती स्पष्ट शब्दांत हवी. तुमच्या मागे काही करायची माझी इच्छा नाही.

गिरिजा


ट्रॉय
७ मार्च २०२५

चि. गिरिजा हिस,
आशीर्वाद.

दे. माझी संमती आहे. हे पत्र एक्स्प्रेसने पाठवायचं म्हणून आश्लेषाबरोबर निघाले, आणि पोस्टाबाहेर गाडीतच ते पुरं करते आहे. तिने विचारलं, एवढं काय अर्जंट आहे? मी सांगितलं. सगळं. ती गाडी पार्क करून ऐकत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली की मीही सियाच्या वेळी जॉब सोडला, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की बरं केलंस. मला तसं म्हटल्याचं आठवतही नव्हतं.

फोटो उतरवला तर उतरवू दे. भिंतीला रंग द्यायला सोपं जाईल.

मोरूशी बोलणं बंद करू नकोस असं मी सांगणार नाही. तो हक्क आता मला नाही.

शरयू


नेपरव्हिल
६ एप्रिल २०२५

ती. शरयूआत्या,
नमस्कार.

उशीर झाला. मधे पाडवा होऊन गेला. डेकवर गुढी उभारली आणि वाऱ्याने ती दोनदा पाडली, मग इशिताने ती गॅरेजच्या दाराशी दोरीने बांधली. मोरेश्वर आणि मी घरातलं सगळं बोलतो. वाणसामान, दूध, तिच्या परीक्षा. तो माझ्याशी फार जपून वागतो. पूर्वी कधी वागला नाही इतकं जपून. ते सहन करणं भांडणापेक्षा कठीण आहे.

समितीचं कळवते. १४ तारखेला त्यांनी मला आत बोलावलं. तिघं होते. तुमचा दाखला त्यांच्यासमोर होता, आणि नागपूरहून आलेलं उत्तर. ब्रेकच्या महिन्यांबद्दल त्यात एकच वाक्य होतं, की सदर कालावधीत सदर व्यक्तीने संस्थेत काम केल्याची कोणतीही नोंद उपलब्ध नाही. ते खोटं नाही. नोंद नव्हतीच.

मला बोलू दिलं. मी बोलले, आणि चांगलं बोलले असं वाटतं. ब्रेक म्हणजे काय, सही का नव्हती, अहवालावर तुमचं नाव का होतं, सगळं सांगितलं. लोइसने पेल्टनबाईंचं उदाहरण काढलं, तेव्हा मी तिला थांबवलं. मला माझंच सांगायचं होतं. त्यातले एक वयस्क गृहस्थ अगदी मायेने म्हणाले की तुमच्या मॅडमच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं कारण नाही, पण जे नोंदलेलं नाही ते आम्हाला मोजता येत नाही. चौपन्न महिने. बाहेर पडताना तिघांनी हात मिळवला.

जागा एका सव्वीस वर्षांच्या मुलीला दिली. हुशार आहे, नम्र आहे, ग्रंथालयशास्त्र शिकलेली. तिला ती जाळीची पत्रं वाचता येत नाहीत. तेव्हा मागच्या सोमवारी लोइसने मला कॉफीला नेलं आणि कप फिरवत विचारलं, की मी पूर्वीसारखी मंगळवार-गुरुवार येऊन तिला तीन-चार महिने शिकवीन का. स्वयंसेवक म्हणून. विचारताना तिचा चेहरा लाल झाला होता. ती वाईट नाही. तिच्याकडे दुसरा उपाय नाही.

मी दोन दिवस मागितले. डायरीत लिहून काढलं. त्या मुलीचा दोष नाही. पत्रं माझी नाहीत. अकरा पत्रं वाचायची राहिली आहेत, आयोवाची, आणि ती नीट वाचली जावीत असं मला मनापासून वाटतं. नाही म्हणणं हा नुसता अहंकार तर नाही? मोरेश्वरला विचारलं. त्याने फार विचार करून, चांगल्या मनाने सांगितलं की जा, तेवढंच तुला घराबाहेर पडायला निमित्त.

बुधवारी मी लोइसला नाही म्हणून कळवलं. कारण लिहिलं नाही. पहिल्यांदाच मी कारण न देता काही लिहिलं असेन. गुरुवारी सकाळी सवयीने तयार झाले, गाडीत बसले, आणि इंजिन सुरू करून ड्राइव्हवेवरच पाऊण तास बसले. मला कुठे जायचं नव्हतं. त्या दोन दिवसांखेरीज माझ्याकडे जायला जागाच नव्हती, आणि ती मी स्वतः बंद केली. हे बरोबर केलं का, मला अजून कळत नाही. एवढंच कळतं की हे मी केलं.

शुक्रवारी मी तुमच्याकडे येते आहे. एकटी, गाडी चालवत, पाच तास लागतील. मोरेश्वरला विचारलं नाही, सांगितलं. सत्यजितला कळवलंय. दोन रात्री राहीन. हे पत्र गुरुवारपर्यंत पोचायला हवं.

मला तुमच्याशी भांडायचं आहे, आत्या. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून दोन वह्या आणते आहे. समोरासमोर बसून लिहू. तुम्ही मधे खोडायचं नाही आणि मी मधे क्षमा मागायची नाही. तेरा वर्षांचं आहे, दोन दिवसांत किती होईल ते बघू. वाकून नमस्कार करीन की नाही, हे आत्ता सांगत नाही. मलाच ठाऊक नाही.

घरी दुसरं कुणी नसेल. तुमच्या घड्याळात तीन वाजले की खिडकीशी येऊन बसा. बेल तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि दार तुम्हीच उघडायला हवं.

लोभ मागायला आज मन होत नाही. तो आहे, हे माहीत असूनही.

गिरिजा